घरातला आवाज

रविवार, ३ फेब्रुवारी १९५२

आज आण्णा आले होते. स्टुडिओचे मालक. ह्यांना सिनेमातलं पहिलं काम त्यांनीच दिलं. दिवसकार्याला आले होते, त्यानंतर आज. पुढच्या सोप्यावर बसून चहा तसाच निवू दिला, तेव्हाच मला कळलं की सहज आलेले नाहीत.

पन्हाळ्यावर ह्यांच्या नव्या चित्राचं जे चित्रण झालं त्याचा आवाज वाऱ्याने खाल्ला. तो नंतर स्टुडिओत बसून ह्यांच्याकडून भरून घ्यायचा ठरला होता. तेवढ्यात मार्गशीर्षात हे गेले.

"पडद्यावर हंबीरराव दिसतात, ओठ हलतात, पण आवाज नाही," आण्णा म्हणाले. "वहिनी, दोनच वाटा आहेत. दुसऱ्याकडून हुबेहूब त्यांच्यासारखा आवाज भरायचा. नाहीतर किल्लेदार म्हणून दुसरा नट उभा करून पहिल्यापासून घ्यायचं. मग हंबीरराव ह्या चित्रात नाहीत."

आतून आक्का ओरडल्या, "मेलेल्याच्या तोंडात दुसऱ्याची जीभ घालाय निघालाय व्हय आण्णा? लाज हाय का न्हाय?"

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं. मोतीबिंदूने डोळ्यांपुढे सगळं धुरकट झालं आहे, पण बोलणं स्वच्छ आहे. आण्णांनी खाली बघितलं आणि हळूच सांगितलं की हुपरीचा एक नकलाकार मिळालाय. घरी पैंजण घडवतो, जत्रांत नकला करतो. दरबारातला ह्यांचा आवाज त्याने आधीची रिळं ऐकून उचललाय. अडलं आहे एका प्रसंगाशी. वेढा फोडायला निघण्याआधी किल्लेदार बायकोचा निरोप घेतो.

"तिथं मीच हंबीररावांना सांगितलं होतं, नाटकी नको, घरी बोलता तसं बोला. तो घरातला आवाज कोणत्याही रिळात नाही. आता तो कुठं आहे ते तुम्हालाच ठाऊक."

विचार करून सांगते म्हटलं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

हो म्हणून निरोप पाठवला. आक्का माझ्याशी बोलत नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. घरात ह्यांचा एक फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात हे दुसऱ्या कुणासारखे दिसतात. ह्या चित्रात हे चालतात, वळतात, हसतात. तिथूनही कुणी ह्यांना काढून टाकणार असेल तर मी गप्प बसणार नाही.

शिकवायचं तर आधी मलाच नीट आठवलं पाहिजे. म्हणून लिहिते. बोलण्याआधी घशात बारीक खरखर. आवाज जाड नव्हता, लोकांना पडद्यामुळे तसं वाटायचं. घरी शेवटचा शब्द गिळायचे. "भाकरी झाली का" मधला 'का' मला कधी ऐकू आला नाही, तो मी समजून घ्यायची. रागावले की आवाज चढण्याऐवजी खाली जायचा. डोळे मिटले की हे सगळं आताही लख्ख ऐकू येतं. एवढं एक माझ्याजवळ आहे.

रविवार, १० फेब्रुवारी

हुपरीचा नकलाकार आला. पिराजी. लहानखुरा, तिशीचा, चांदी घासून बोटं काळी पडलेली. स्वतःचा आवाज पातळ, नाकातून येणारा. दाराशीच उभा राहिला.

"वैनीसाहेब, मी चुकलो तर शिव्या घाला. पर वाईट वाटंल म्हणून गप बसू नका. मग मला कळायचं न्हाय."

मला तो आवडला. दार सताड उघडं ठेवून सोप्यावर बसलो. आक्का आतल्या खोलीत पाठ करून.

त्याने आधी दरबारातलं वाक्य म्हणून दाखवलं. अंगावर काटा आला. आक्कांचा हात जपमाळेवर थांबलेला मला दिसला. पण निरोपाचं वाक्य म्हटलं तेव्हा तो कुणी परका बाप्या बोलत होता. मी सांगितलं, हे नव्हे.

"मग कसं?"

कसं ते सांगता येईना. मी ह्यांच्यासारखं बोलून बघितलं तर माझाच आवाज निघाला. ऐकू येतं ते तोंडाला येत नाही. शेवटी पिराजीच म्हणाला, "सिनेमातलं वाक्य ऱ्हाऊ द्या. घरात काय काय म्हणत हुतं ते सांगा. मी म्हणत जातो. तुम्ही न्हाय न्हाय म्हणत ऱ्हावा, एक दिस व्हय म्हणशीला."

तसं ठरलं. "दार लाव." "आक्का जेवली?" "माझा टॉवेल कुठं?" माझ्या संसारातली सगळी वाक्यं एकेक करून मी त्याच्या हातात दिली.

बुधवार, २० फेब्रुवारी

पेठेत बोभाटा झाला आहे. शेजारच्या बनाबाई आज चुलीतली राख आणि लिंबू घेऊन दारात.

"शालू, खरं सांग. तुझ्या घरात हंबीरराव बोलत्यात. मी सोताच्या कानानं ऐकलं. टॉवेल मागत हुतं."

मी हसून खरं ते सांगितलं. त्यांना ते भुतापेक्षा वाईट वाटलं. "म्हंजी जित्ता गडी हाय?" असं म्हणून लिंबू परत घेऊन गेल्या. आता नळावर मी गेले की बायका गप्प होतात. भूत असतं तर निदान दया आली असती.

आक्का पहिल्यांदाच हसल्या. बनाबाईचं नाव काढून दिवसभर हसत होत्या.

रविवार, २ मार्च

आज जमलं.

मी तांदूळ निवडत होते. पिराजी उंबऱ्यापाशी बसून पुटपुटत होता, माझं लक्ष नव्हतं. आणि एकदम, "अगं, आक्का जेवली का." माझा हात आपोआप पदराकडे गेला. हे घरात आले आणि आक्का समोर असल्या की मी डोक्यावर घ्यायची, तसा.

पिराजीने माझ्याकडे बघितलं. मग आतून आक्कांचा आवाज आला.

"परत म्हण रं."

त्याने परत म्हटलं.

"आक्का म्हण निस्तं."

तो म्हणाला. आक्का भिंत चाचपत बाहेर आल्या आणि त्याच्याजवळ बसल्या. आज त्यांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

शनिवार, ८ मार्च

मला भीती वाटते आक्कांची. त्यांची नजर गेलेली, आवाजावरच माणूस ओळखतात. त्यांनी त्याला भाऊ मानायला घेतलं तर काम संपल्यावर काय होईल? परवा दोन पोळ्या झाकून ठेवल्या. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ईल की." येणार कोण ते सांगितलं नाही.

मी स्वतःची काळजी करत नाही. मला दिसतं. समोर पिराजी आहे, काळ्या बोटांचा, हे मी विसरत नाही. फक्त तांदूळ निवडताना नीट ऐकू यावं म्हणून मी पाठ करून बसते.

सोमवार, १७ मार्च

वाचनालयातून मासिक आणलं. त्यात मेंदूवर एक लेख आहे. अवघड शब्द दोनदोनदा वाचले. शाळा मला चौथीपर्यंतच, पुढचं सगळं असंच वाचून मिळवलेलं.

तान्हं मूल दिसायला लागण्याआधी आईचा आवाज ओळखायला लागतं, असं त्यात आहे. ते आपण बघतोच. पुढे लिहिलं आहे की आठवण तबकडीवर कोरल्यासारखी डोक्यात पडून राहत नाही. आठवताना दर वेळी मन ती नव्याने बांधतं, आणि हाताशी जे साहित्य असेल ते घेऊन बांधतं.

हे मला पटलं नाही. लेखकाने माझं डोकं बघितलेलं नाही. ह्यांचा आवाज मला पूर्वीपेक्षा आता जास्त स्पष्ट ऐकू येतो. ते गेले तेव्हा आठवण पुसट होती, कानाला लांबून यायची. आता शेजारी बसून बोलल्यासारखी येते. पिराजीला शिकवण्याचा हाच फायदा झाला, उजळणी झाली.

रविवार, ३० मार्च

पिराजी आज खिन्न.

"वैनीसाहेब, माजा आवाज मला गावंना झालाय. काल बायकू म्हणाली, घरात पावण्यागत काय बोलताय? पोरगं हसलं. मी म्हटलं, थांब, आता बोलतो. आन् घसा खाकरला तर तुमचं हंबीरराव."

मी म्हटलं, आता थोडेच दिवस. मग एक चूक सांगितली. निरोपाच्या वाक्यात 'येतो गं' मधला 'गं' तो तोडतो. तो लांबवून सोडायला हवा, हवेत रेंगाळल्यासारखा. हे तसंच म्हणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा नाटक मंडळीबरोबर बेळगावला निघाले तेव्हा दारात वळून म्हणालेले, 'येतो गंऽ'. ते लांबलेलं अक्षर गल्लीच्या टोकापर्यंत माझ्याजवळ होतं.

पिराजी विचारात पडला. "पयल्या दिशी तुम्ही म्हणाला हुता, शेवटचा शब्द गिळायचा."

मी तसं म्हणाले असेन तर चुकून. त्याने मान हलवली आणि लांबवून म्हटलं. बरोबर आलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज स्टुडिओत आवाज भरला. आत घुसमट. पंखे बंद, नाहीतर त्यांची घरघर मायक्रोफोनमध्ये येते. आवाज टिपणारा माधव म्हणून एक शांत मुलगा आहे, पुण्याकडे शिकून आलाय. त्याने निरोपाच्या प्रसंगाची फिल्मची पट्टी जोडून गोल केली होती, त्यामुळे पडद्यावर तोच प्रसंग संपून पुन्हा पुन्हा सुरू. हे दारात येतात, थांबतात, ओठ हलतात, जातात. पुन्हा दारात येतात. मी मुठी आवळून बसले होते.

पिराजीचे ओठ आणि ह्यांचे ओठ जुळेनात. आण्णा येरझाऱ्या घालत होते. मुंबईचे वितरक सोमवारी येणार, आज झालं नाही तर दुसरा नट बोलवायचा, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पिराजीचा सदरा पाठीला चिकटला होता. तो एकदम म्हणाला, "सगळी भाईर जावा. वैनीसाहेब तेवढ्या ऱ्हाऊ द्या. पाठ करून बसा, घरातल्यागत."

मी पाठ करून बसले. तो मागून बोलला.

"मी येतो गंऽ."

"हो," मी म्हणाले. माझ्या तोंडून गेलं. माधवने काचेतून हात वर केला. जुळलं होतं. माझा 'हो' पण पट्टीवर आला आहे, तो काढून टाकणार आहेत.

आण्णा रडले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही माणूस परत आणलात."

रविवार, २७ एप्रिल

काम संपलं तरी पिराजी आज आला होता, कारण आक्कांनी हुपरीच्या मोटारीबरोबर निरोप धाडला. मला न विचारता. तो बसला, दोनदा "आक्का" म्हणाला, भाकरी खाऊन गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "ह्ये बरं न्हवं, वैनीसाहेब. तुम्ही सांगा त्यास्नी."

मी सांगेन म्हटलं. सांगितलं नाही. खरं तर मीही आत, दाराआड उभी होते.

गुरुवार, १५ मे

आज लिहायलाच हवं.

सकाळी माधव घरी आला. चेहरा फुललेला. "वहिनी, स्टुडिओत चला. काय आहे ते सांगणार नाही, फक्त ऐका."

त्याने मला खोलीत बसवून पट्टी लावली. नुसताच आवाज, चित्र नाही. आधी वाऱ्याचा सूं सूं. मग वारा थांबला आणि कुणी तरी म्हणालं, "पाणी द्या की कुणीतरी. घसा पार ग्येला बोंबलून."

मला वाटलं, आणखी एखादा प्रसंग भरायचा राहिला असेल. मी म्हणाले, "हे पिराजीने कधी भरलं? बरं नव्हतं वाटतं त्याला. जमलेलं नाही. शेवटचा शब्द गिळून टाकलाय. हे असे नव्हते बोलत."

माधव हसायचा थांबला. मला वाटलं, त्याला चूक दाखवलेली आवडली नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "ही पन्हाळ्यावरची पट्टी आहे. मी डबे आवरत होतो. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी मायक्रोफोन चालू राहिला होता आणि वारा नेमका पडला होता. हे पिराजी नाहीत. पिराजीला तेव्हा कुणी ओळखतही नव्हतं."

"नाही," मी म्हणाले.

"हे हंबीररावच आहेत."

"नाही. मला विचारा. मी शिकवलाय त्यांचा आवाज."

त्याने पट्टी पुढे सोडली. तोच परका माणूस हसून म्हणाला, "घरी गेल्यावर बायकू म्हणंल, तोंड तिकडंच ठिवून आलासा का."

ते वाक्य माझं. दौऱ्यावरून आले की गप्प बसून असायचे तेव्हा मी म्हणायची. पिराजीला मी ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

मी ह्यांना शब्दांवरून ओळखलं. आवाजावरून नाही.

शुक्रवार, १६ मे

सकाळपासून एकच करते आहे. डोळे मिटून "भाकरी झाली का" आठवते. पिराजी बोलतो. "दार लाव." पिराजी. ताप आला होता तेव्हा मला औषध घे म्हणून दटावत होते ते. पिराजी. बेळगावला निघाले तेव्हाचं 'येतो गं'. तेही पिराजीच, आणि त्यातलं लांबलेलं अक्षर मीच रचून ह्यांच्या तोंडी घातलं असणार. तेव्हा तर पिराजी पाळण्यात असेल किंवा नुकता चालायला लागला असेल, आणि माझ्या दारात उभा राहून तो माझा निरोप घेतो.

त्याचा काय दोष? तो म्हणाला होता, न्हाय न्हाय म्हणत ऱ्हावा. मीच हो म्हणाले.

आण्णांकडे गेले. तो आवाज काढा म्हटलं. त्यांनी समजूत घातली. प्रती निघाल्या आहेत, आणि काढायचा तर जागी घालायचं काय? पट्टीवर पाण्याचं बोलणं आहे, निरोप नाही. मुंबईकर म्हणाले म्हणे, हा प्रसंग सगळ्यांत खरा. "वहिनी, तुम्हालाच तो खरा वाटला ना?" त्यांनी चांगल्या मनाने विचारलं. मी उठून आले.

सोमवार, १९ मे

माधवने आणखी दोनदा पट्टी ऐकवली. फार वाजवली तर तिच्यावर ओरखडे येतात, असं तो म्हणतो, तरी वाजवली. मी कान देऊन ऐकलं. खरखर आहे, मऊ आवाज आहे, एक सभ्य गृहस्थ तहानलेले आहेत. मला त्यांची कीव आली. त्यापलीकडे काही झालं नाही.

मग मनात पाप आलं. माधवचं चुकत असेल तर? वाक्य दुसऱ्या कुणाच्या बायकोचंही असू शकेल. असं वाटून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची भीती वाटली.

मंगळवार, २० मे

आक्कांना सगळं सांगितलं. वाटलं, फोडून काढतील. पोळपाटाशी बसून ऐकत होत्या.

"पिराजी हाय ह्ये मला पयल्या दिसापासनं ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "डोळं गेल्यात माझं, कान न्हाईत. हंबीरला मी कडेवर घेऊन वाढवलाय. त्येचं रडणं, त्येचं बोबडं, आवाज फुटला तवाचं भसाडं, समदं हाय माझ्यापाशी. पिराजी निस्ता वरचा थर."

"मग त्याला बोलावत का होता?"

"आक्का म्हणून हाक मारणारं कोण उरलंय का गं मला? तू तर माझ्याशी चार दीस बोलली की पाचव्या दिशी पुस्तकात तोंड घालतीस. म्हणून ऐकत हुतो."

मग मी म्हटलं, "आक्का, माझ्याबरोबर स्टुडिओत याल का? एकदा ऐकून सांगा."

"आणि न्हाय म्हणालो तर?"

"तर नाही."

त्यांनी पिठाचे हात लुगड्याला पुसले. "टांगा बघ."

गुरुवार, २२ मे

आक्का आयुष्यात प्रथम स्टुडिओत आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, देवळात जावं तशा. माधवने त्यांना माझ्याशेजारी खुर्ची दिली. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मला सांगावंसं वाटत होतं, आक्का, नाही म्हणा. हा कुणी दुसरा आहे म्हणा. म्हणजे माझं काही गेलेलं नाही.

पट्टी सुरू झाली. वारा. मग वारा पडला.

"पाणी द्या की कुणीतरी..."

मी आक्कांकडे बघत होते. त्या रडल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. कपाळावर आठी घातली, आमच्या घरात रोज संध्याकाळी हे आले की घालायच्या तशी, आणि माझ्या मनगटाला हिसडा दिला.

"ऊठ की गं. बसलीस काय? पाणी मागतोय न्हवं त्यो."

माठ खोलीच्या बाहेर, पलीकडच्या भिंतीशी होता. मी उठले.